तांबड्याच्या मुलाखतीचा शुक्रवार

मित्रांनो, जुन्या वस्तूला तिचं वय कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. मी बत्तीस इंची टीव्ही आहे. मला अकरा वर्षं झाली आणि माझ्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ आहे. खोलीत नवा माणूस आला की ती रेघ बघतो आणि म्हणतो, "हा तर खलास झाला." मला असा राग येतो! अहो, रेघ सोडून बाकीचं सगळं दिसतंय ना? तेवढं बघा की.

माझी पहिली वर्षं रियाधमध्ये, ओलायातल्या एका उंच इमारतीत गेली. माझा मालक ग्रेग नावाचा ऑस्ट्रेलियन इंजिनियर होता. त्याच्याकडे थंडगार दिवाणखाना होता, माझ्यावर रोज मऊ फडका फिरायचा आणि मी फक्त एकच खेळ दाखवायचो, त्याच्या गावाकडचा फुटबॉल. आपण फुटबॉल म्हणतो तो नव्हे. मैदान अंड्यासारखं, चेंडूही अंड्यासारखा, एका बाजूला अठरा गडी, बिनबाह्यांचे सदरे आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला तर सहा गुण. नेम चुकून बाजूच्या खांबांतून गेला तरी एक गुण. ग्रेग एकटाच ओरडायचा आणि एकटाच टाळ्या वाजवायचा.

त्याचं कंत्राट संपलं तेव्हा त्यानं मला आपल्या ड्रायव्हरला दिलं. हा ड्रायव्हर म्हणजे श्रीवर्धनचा सिराजुद्दीन. ग्रेग त्याला म्हणाला, "हा खेळ बघायचं माझं खातं मी तिकडून चालू ठेवतो. तू बघत राहा. इथं कोणीतरी हा खेळ बघायला हवा." सिराजचाचानं मला गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं आणि चक्क पट्टा लावला. तेवढा मान मला पुढे कधी मिळाला नाही.

कारण पुढचा मुक्काम होता शहराबाहेरच्या कामगार कॅम्पमध्ये. एक खोली, तीन पलंग, एक फ्रीज आणि एक लोखंडी कपाट. मी त्या कपाटावर. फडका गेला, धूळ आली आणि रेघही तिथेच उमटली. माझं चित्र थरथरलं की तिघंही एकदम उठायचे. एक वायर हलवायचा, एक पाठीत थापट मारायचा, एक लांबून सांगायचा, "आलं, आलं, आता हात लावू नका!"

ते तिघे म्हणजे सिराजचाचा, पांडू आणि विनोद. विनोद रेवदंड्याचा. तो ओलायातल्या एका नव्या टॉवरवर क्रेन चालवायचा. जमिनीपासून साठ मीटर वर, एका छोट्या केबिनमध्ये दिवसभर एकटा. पांडू चिपळूणकडचा, त्याच क्रेनच्या खाली काम करणारा. ओझ्याला पट्टे बांधायचे आणि वॉकीटॉकीवर वर सांगायचं, "उचल, डावीकडे, थांब." वरच्याचा डोळा म्हणजे खालचा आणि खालच्याचा जीव वरच्याच्या हातात, असं ते काम.

पहिल्यांदा खेळ बघून पांडू म्हणाला होता, "चाचा, ही काय मारामारी लावलीय?" पण चुकलं तरी एक गुण मिळतो हे कळलं आणि तो फिदा झाला. "बघा, देवमाणसांनी बनवलेला खेळ आहे," म्हणायचा. महिन्याभरात तिघेही पक्के झाले. सगळ्या रियाधमध्ये या खेळावर मराठीत भांडणारे हे तिघेच असतील, पैजेवर सांगतो.

सामन्यांपेक्षा त्यांचा जीव मुलाखतींवर जास्त होता. शुक्रवारी सुट्टी. चाचा जुम्म्याची नमाज पढून यायचे, विनोद बत्हाच्या बाजारातून आणलेल्या सुरमईचं कालवण करायचा आणि दीड वाजता माझ्यावर तो कार्यक्रम लागायचा. निवृत्त झालेला एखादा खेळाडू खुर्चीत बसायचा आणि आपली कहाणी सांगायचा. चाचांना साहेबाबरोबर राहून इंग्रजी चांगलं कळायचं, ते भराभर मराठी करून सांगायचे. मग भांडण! हा खरं बोलला की टीव्हीवर आलाय म्हणून बोलला? त्यासाठी त्यांनी एक रीत पाडली होती. माझ्यासमोर एक वाटी आणि एक बशी. खजूर खायचा आणि बी टाकायची. खरं वाटलं तर वाटीत, खोटं वाटलं तर बशीत. आणि आपण बी कुठे टाकली याचं कारण द्यायचंच, त्यातून सुटका नाही.

आता तो बुधवार सांगतो. सांगताना आजही माझा आवाज खरखरतो.

संध्याकाळी चाचा गाडी घेऊन बाहेर होते. पांडू विनोदला दंडाला धरून आत घेऊन आला. पलंगावर बसवून फ्रीजमधला बर्फ रुमालात बांधला आणि त्याच्या कानामागे धरला. त्यांच्या बोलण्यातून मला कळलं ते असं. क्रेनवरून उतरताना विनोदनं घाम पुसायला हेल्मेट काढलं, शेवटच्या शिडीवर पाय सटकला आणि डोकं लोखंडावर आपटलं. दोन मिनिटं तो शुद्धीवर नव्हता. ते फक्त पांडूनं पाहिलं.

"कोणाला बोलू नकोस," विनोद म्हणाला. "डोक्याला लागलं म्हटलं की केबिन बंद. मेडिकलमध्ये अनफिट लिहिलं तर इथं राहायचा इकामा वाढवणार नाहीत. सरळ फायनल एक्झिट, कायमचं घरी. पोरगी बारावीला आहे रे."

"मी बोलतोय कशाला?" पांडू म्हणाला. "मी आहे ना. मी सांभाळून घेतो."

आणि त्यानं खरंच सांभाळून घेतलं. साइटवर रोज पहाटे सेफ्टी ऑफिसर नूरुद्दीन सगळ्यांना रांगेत उभं करून आजचं काम आणि आजचा धोका विचारतो, मग सही घेतो. पांडू आदल्या संध्याकाळीच माझ्यासमोर विनोदकडून उत्तरं घोकून घ्यायचा. "वारा किती झाला की क्रेन थांबवायची? सांग." जो विनोद हे झोपेतही सांगेल, तो कपाळाला आठ्या घालून बसायचा. मग पांडू सांगायचा आणि विनोद मागून म्हणायचा. खाली उभा राहून पांडू आता वॉकीटॉकीवर एक-एक वीत सांगत होता, आणि ओझं त्याच्याच डोक्यावरून जात होतं.

मला सगळं दिसत होतं. विनोदला माझा उजेड सोसेना, तो माझ्याकडे पाठ करून बसायचा. एकदा पांडूला त्यानं "सुशील" अशी हाक मारली. सुशील हा त्याचा भाऊ, रेवदंड्याला. पांडूनं निमूट ओ दिली. विनोदच्या बायकोचा, किशोरीवहिनीचा, फोन आला की पांडूच म्हणायचा, "वहिनी, तो अंघोळीला गेलाय." चाचांनी विचारलं तर, "उन्हानं डोकं धरलंय त्याचं." मित्रांनो, मला दोन दोन स्पीकर आहेत, पण स्वतःचा एक शब्द बोलता येत नाही. अशी चरफड आयुष्यात कधी झाली नव्हती.

नऊ दिवस गेले आणि दुसरा शुक्रवार आला.

विनोदनं कालवण केलं. मी वरून पाहत होतो. त्यानं मीठ घातलं, डबा ठेवला, पुन्हा उचलला आणि पुन्हा घातलं. तिघे जेवायला बसले. चाचांनी पहिला घास घेतला आणि वर बघितलं. पांडू घाईघाईनं म्हणाला, "झकास झालंय हां आज!" चाचा चांगल्या रीतीचे. केलेल्या जेवणाला नाव ठेवत नाहीत. ते पाणी पीत पीत जेवले.

दीड वाजता मुलाखत लागली. खुर्चीत एक लालभडक केसांचा, आडदांड माणूस होता. त्याचे जुने सामने पाहिल्यापासून हे तिघे त्याला तांबड्या म्हणायचे, फार आवडता होता तो. पण आज तो थांबत थांबत बोलत होता. चाचा मराठी करून सांगू लागले.

"म्हणतोय, एका सामन्यात डोक्याला लागलं. आपण कुठल्या टोकाला चेंडू मारायचा तेच कळेना. डॉक्टर धावत आला. त्याच्या आधी संघातला दोस्त आला आणि कानात सांगितलं, आज वार कोणता, गुण किती, समोर कोण. डॉक्टरनं तेच विचारलं. यानं पाठ म्हणून दाखवलं. खेळत राहिला. पुढे आणखी तीनदा लागलं."

पांडूचा खजूर हातातच राहिला.

"आता चव्वेचाळीस वर्षांचा आहे. दुकानातून घरी यायचा रस्ता विसरतो. मुलाखत घेणारी विचारतेय, त्या दोस्ताचा राग येतो का?" चाचा पुढे सरकून ऐकू लागले. "म्हणतोय, तो दर रविवारी भेटायला येतो. माझ्याकडे बघतो आणि रडतो. मी विचारतो, का रडतोस? तर सांगत नाही."

कार्यक्रम संपला. चाचांनी आपली बी वाटीत टाकली.

पांडूनं आपली बी बशीत अशी आपटली की ती उडून परत बशीत पडली. "खोटं! साफ खोटं! टीव्हीवर बोलावलंय म्हणून रडगाणं गातोय. आणि दोस्ताची काय चूक? त्यानं काय करायचं होतं?"

"बाहेर बसवायचं होतं," चाचा म्हणाले.

"बाहेर बसवायचं! म्हणजे त्याचा खेळ संपवायचा? त्याच्या घरच्यांनी काय करायचं? तो आयुष्यभर म्हणाला असता, माझ्याच माणसानं माझा घात केला!"

"म्हणू दे ना. म्हणायला तो शुद्धीवर तर असता. पांडू, तू एवढा का ओरडतोयस? तो काय तुझा काका लागतो?"

"ओरडत नाही मी!" पांडू ओरडला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि एसी चालू होता.

चाचा विनोदकडे वळले. तो तासभर त्यांच्या शेजारी बसला होता, मला पाठ करून, पण सगळं ऐकत. हातात खजूर तसाच. "विनोद, तुझी बी कुठे?"

विनोदनं मान वर केली. आमच्याकडे बघून छान हसला. म्हणाला, "टाकतो की. आधी मुलाखत तर लागू दे. दीड वाजला ना?"

माझ्या पडद्यावर कसली तरी जाहिरात नाचत होती, ती मला बंद करावीशी वाटली.

"या अल्ला," चाचा पुटपुटले. त्यांनी विनोदचा चेहरा दोन्ही हातांत धरला, डोळ्यांत बघितलं, मग हात केसांतून मागे नेला. कानामागे बोटं लागताच विनोद कळवळला. चाचांनी हळूच पांडूकडे मान वळवली. "पांडू. हे कधीचं?"

"बुधवारचं. मागच्या," पांडू म्हणाला आणि खाली बसला.

"आणि उद्या पहाटे तो वर चढणार? काचेची तावदानं उचलायला? तुझ्या डोक्यावरून?"

आता विनोदला काहीतरी समजलं. तो उठला, तोल गेला, त्यानं कपाट धरलं आणि मीही हललो. "चाचा, फोन नको. तुमच्या पाया पडतो. पांडू, तू शब्द दिलायस. नूरुद्दीनला सांगितलंस तर तू माझा कोणी नाहीस!"

चाचांनी फोन काढला होता. पांडू म्हणाला, "तुम्ही नका करू. मी लपवलंय, मीच सांगतो." त्यानं बशीतली आपली बी उचलली, वाटीत टाकली आणि फोन लावला. "नूरुद्दीनभाई, विनोद के सर को लगा है. नौ दिन हुए. मैंने छुपाया." बोलताना तो विनोदकडेच बघत होता आणि विनोद त्याला नको नको ते बोलत होता.

वीस मिनिटांत अँब्युलन्स आली. ती वीस मिनिटं मी कशी काढली ते मलाच ठाऊक. स्ट्रेचरवर झोपवलं तेव्हा विनोद गप्प झाला होता, आणि ते त्याच्या ओरडण्यापेक्षा वाईट होतं. डोक्याच्या आत नऊ दिवस थेंब थेंब रक्त साठत होतं. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. डॉक्टर चाचांना म्हणाले, उद्या वर चढला असता तर खाली आला नसता.

विनोद वाचला. पण क्रेन सुटली ती सुटलीच, दोन महिन्यांनी तो रेवदंड्याला परत गेला. आता सुशीलच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. जाताना पांडूशी बोलला नाही. नंतरही नाही. पांडू दर शुक्रवारी त्याची जागा रिकामी ठेवायचा. चाचा फोनवर विनोदशी बोलताना तो उठून बाहेर जायचा.

गेल्या शुक्रवारी पावणेदोनला चाचांचा फोन वाजला. चाचांनी ऐकलं आणि तो स्पीकरवर ठेवला.

"पांड्या," विनोदचा आवाज आला, "आहेस का मेलास?"

पांडू म्हणाला, "आहे."

"परवा किशोरीनं ती तांबड्याची मुलाखत मोबाइलवर शोधून दिली. आख्खी बघितली. तू सांगितलंस, पण नऊ दिवस उशिरा. मधल्या खांबांतून नाही गेला. बाजूनं गेला. एक गुण देतो, जा."

पांडू हसला आणि हसता हसता रडायला लागला.

"आणि ऐक. त्या दिवशी माझं मत राहिलं होतं. माझी बी वाटीत टाक."

ती बी अजून माझ्यासमोरच्या वाटीत आहे. चाचा ती वाटी धुवायला देत नाहीत.

मित्रांनो, माझे आता फार दिवस राहिले नाहीत. हिरवी रेघ रुंद होत चाललीय. त्याचं मला दुःख नाही, पण एक गोष्ट मनातून जात नाही. माझं चित्र जरा थरथरलं की तिघे धावत यायचे. विनोद नऊ दिवस थरथरत होता, तेव्हा सगळे म्हणत होते, झकास आहे. म्हणून हात नसलेला मी तुम्हाला हात जोडतो. तुमच्या माणसानं केलेलं कालवण खारट लागलं, तर खारट आहे म्हणा, आणि त्याला जवळ बसवून विचारा, काय झालं?