पटकथेचा ताबा

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, पटकथालेखकांच्या संघटनेच्या कार्यालयात, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांपैकी जिच्यात पंखा चालतो त्या खोलीत, तक्रार निवारण समितीची बैठक भरली. समितीचे सदस्य तीन. पैकी दोघे कामात अडकल्यामुळे अध्यक्षबाई हीच समिती होती. बाईंनी चाळीस वर्षे चित्रपटांचे संकलन केले होते. समोरच्याचे बोलणे नेमके कुठे कापावे, हे त्यांना निवृत्तीनंतरही कळत असे.

तक्रारदार लेखक होता. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो निर्माता, आणि तो लेखकाचा थोरला साडूही होता. लेखकाची बायको मांडीवर फाईल घेऊन दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसली होती. तक्रार दाखल झाल्यापासून तिच्या ताईने तिचा फोन उचलणे बंद केले होते.

प्रकरण वरकरणी साधे होते. निर्मात्याला स्वतंत्र चित्रपट काढायचा होता, आणि स्वतंत्र या शब्दाचा त्याने लावलेला अर्थ असा की, ज्याचे ज्याचे देणे लागते त्या प्रत्येकापासून स्वतंत्र. त्याच्या सांगण्यावरून लेखकाने तेरा महिने खपून पटकथा लिहिली. निम्मा मोबदला सुरुवातीला मिळाला. उरलेला निम्मा, कराराच्या चौथ्या कलमाप्रमाणे, चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी मिळायचा होता. पुढे चित्रपट तयार झाला, परदेशातल्या एका स्पर्धेला पाठवण्याच्या बेतातही आला. पहिला दिवस मात्र उजाडला नाही.

“उजाडेल कसा?” निर्माता म्हणाला. “आम्ही बावीस दिवस तालीम केली. कॅमेरा चालू ठेवून केली, एवढंच.”

“तालमीत नायकानं डोकं भादरलं?” अध्यक्षबाईंनी विचारले.

“भूमिकेत शिरायला.”

“आणि गॅरेज पेटवलं?”

“वातावरणनिर्मिती.”

“आग लावायची परवानगी काढलीत, त्या अर्जावर चित्रीकरण असं लिहिलंय.”

“ते अर्जापुरतं. तालमीला कोण आग लावू देतं, बाई?”

लेखकाने बोलण्यासाठी घसा साफ केला. बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला थांबवले. दोन्ही बाजू समजून घेणारा तो गृहस्थ होता, आणि तिसऱ्या वाक्यापर्यंत तो स्वतःची बाजू सोडून समोरच्याची मांडू लागतो, हा तिचा संसारातला अनुभव होता.

“मेहुणीनं भाऊजींना चव्हाट्यावर आणलं,” निर्माता खिन्नपणे म्हणाला. “आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच.”

“भाऊजी, तुमच्या घराण्यात पैसे मागायची वेळ आलेली माणसंही आम्हीच पहिली असू.”

अध्यक्षबाईंनी करार पुढे ओढला. “हा कोणी लिहिला?”

“मीच. घरातल्या घरात वकील कशाला?”

“‘सदर पटकथा तिसऱ्या मजल्यावर असून तीस दोन बाल्कन्या आहेत.’ हे काय आहे?”

“ते काढायचं राहिलं.”

झाले होते असे की, वकिलाचा खर्च वाचवण्यासाठी निर्मात्याने स्वतःच्या फ्लॅटचा खरेदीकरार काढला होता आणि त्यात जिथे जिथे सदनिका होती तिथे तिथे पटकथा बसवली होती. या काटकसरीचा त्याला आजवर फायदाच झाला होता. बारावे कलम सांगत होते की, वर्षभरात सदर पटकथेत कुठेही गळती आढळल्यास विकणाऱ्याने ती विनामूल्य दुरुस्त करून द्यावी. निर्मात्याला अकरा वेळा गळती आढळली.

“कसली गळती?” बाईंनी विचारले.

“नायिका शिंपीण होती,” बायको म्हणाली. “पहिल्या दोन वेळा संवाद घट्ट करून घेतले. मग भाऊजींना वाटलं, तिला वैमानिक करू. ह्यांनी केली. मग विमान परवडेना, म्हणून पुन्हा शिंपीण केली. मधे ती सात खेपा जुळी होती.”

“जुळी असताना छान होती,” लेखक म्हणाला. बायकोने गुडघ्यावरचा हात जरा दाबला.

“साडूभाऊंना पटलं होतं, बघा,” निर्माता म्हणाला. “आणि माझा करार आहे, बाई. गळती म्हटलं की गळती. पहिला दिवस म्हटलं की पहिला दिवस. शब्दाला शब्द.”

“शब्दाला शब्दच ना?” बायकोने फाईल उघडली. “मग नववं कलम वाचते. आम्ही भाड्यानं राहतो, भाऊजी. ताबा म्हणजे काय ते घरमालकानं शिकवलंय. ‘संपूर्ण मोबदला मिळेपर्यंत सदर पटकथेचा ताबा व मालकी विकणाऱ्याकडेच राहील. तोपर्यंत घेणाऱ्याने आत तोडफोड करू नये, सामान लावू नये व भाडेकरू ठेवू नयेत.’”

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसून ते कलम स्वतः वाचले, दोनदा.

“भाडेकरू म्हणजे नट धरायचे?” त्यांनी विचारले.

“बावीस दिवस राहून गेले,” बायको म्हणाली. “एक तर डोकं भादरून.”

निर्मात्याचा चेहरा उतरला. स्पर्धेसाठी सोमवारपर्यंत पटकथेच्या मालकीचा दाखला जोडायचा होता, आणि तो कोणाकडे मागावा लागेल हे त्याच्या आत्ता ध्यानात आले.

“मी काय लिहू?” अध्यक्षबाईंनी पेन उघडले. “तालीम झाली असेल, तर पैसे देणं लागत नाही. पण मग पटकथा यांची, आणि परक्याच्या घरात तुम्ही विनापरवाना गॅरेज जाळलंत. चित्रीकरण झालं असेल, तर तसं सांगा.”

निर्मात्याने लेखकाकडे पाहिले. एरवी अशा वेळी साडू मदतीला येत असे. आज साडू पंख्याकडे पाहत होता.

“चित्रीकरणच म्हणा.”

“पहिला दिवस कोणता?”

“डोकं भादरलं तो.”

“तारीख?”

निर्मात्याने तारीख सांगितली. तिला पाच महिने होऊन गेले होते. बाईंनी ती लिहून खाली रेघ मारली.

“पण बाई, गळती...”

“पहिल्या दोन वेळा गळती होती. ती फुकट,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “पुढच्या नऊ वेळा यांनी घर पाडून पुन्हा बांधलं. त्या कामाचे पैसे वेगळे. उरलेला निम्मा मोबदला आज संध्याकाळपर्यंत द्यायचा. सगळं मिळेपर्यंत ताबा लेखकाकडे.”