मोरोक्कोचा ताजीन आणि बारामतीची संकष्टी

मित्रांनो, मी बारामतीत राहणारा एक जुना ताजीन आहे. नाव ऐकून बुचकळ्यात पडलात ना? पडाच. इथे आल्यापासून मला कुणी धुपाटणं म्हणालं, कुणी देवळाचा कळस म्हणालं, आणि रोजच्या दूधवाल्याने तर मला कोंबड्या झाकायचं टोपलं ठरवून टाकलं. मी यातला कुणीच नाही. मी स्वयंपाकाचं भांडं आहे. खाली पसरट मातीची थाळी आणि वर उंच, निमुळतं झाकण. भाजीची वाफ झाकणात वर चढते, गार होते आणि परत भाजीतच उतरते. म्हणून माझ्यात वरून पाणी फारसं घालावं लागत नाही. स्टीलच्या पातेल्यांना हे जमत नाही, एवढं मी त्यांच्या तोंडावर सांगतो.

माझा जन्म मोरोक्को देशातला. हा देश आफ्रिकेच्या अगदी वरच्या टोकाला आहे. तिथल्या एका कुंभाराने मला लाल मातीतून घडवलं आणि भट्टीत भाजलं. माराकेश शहरातल्या झोहराबाईंनी मला बाजारात बोटाने वाजवून पाहिलं. मी खणखणीत वाजलो, म्हणून त्यांच्या घरी गेलो. त्यांच्याकडे मांसाची आणि माशांची भांडी वेगळी होती. माझ्यात फक्त भाज्या शिजत. बारा वर्षं मी गाजरं, भोपळे, खजूर आणि मिठात मुरवलेली लिंबं शिजवली. पाहुणे बोटं चाटत आणि झोहराबाई माझ्या झाकणावरून हात फिरवत. मग घरात शिट्टीचा कुकर आला. मला फळीवर ठेवलं गेलं. माझ्यात किल्ल्या, सुतळ्या आणि तुटकी बटणं पडू लागली. स्वयंपाकाच्या भांड्यात बटणं पडली की समजावं, आपले दिवस भरले. मला फार वाईट वाटे.

१९९८ सालच्या मे महिन्यात बारामतीची मेघना त्या घरी आली आणि माझे दिवस पालटले.

मेघना शाळेत गृहविज्ञान शिकवत असे. तिचा नवरा सुमित इंजिनियर. खत कारखान्याच्या कामावर तो वर्षभर मोरोक्कोत होता. सुट्टीत ती त्याच्याकडे आली, तेव्हा त्याने राजवाडे, बागा आणि वाळवंट दाखवायचा बेत आखला होता. ती म्हणाली, "वाळवंट राहू दे. मला दोन आठवडे इथल्या एखाद्या बाईच्या स्वयंपाकघरात बसव." झोहराबाई परदेशी पाहुण्यांना स्वयंपाक शिकवत. सुमितने मेघनाला त्यांच्याकडे आणून सोडलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण जिरं नाकाशी धरलं की जिरंच असतं.

झोहराबाईंनी मला फळीवरून काढलं, माझ्यातली बटणं रिकामी केली आणि मला पुसलं. पहिल्या दिवशी माझ्यात सात भाज्या शिजल्या आणि मला बुटक्या टेबलावर मधोमध ठेवलं गेलं. घरची माणसं भोवती बसली. त्या घरात वेगळी ताटं नसत. प्रत्येकाने भाकरीचा ताजा तुकडा मोडायचा आणि आपल्या समोरच्या बाजूने भाजी उचलायची. मेघना मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिचं ताट वेगळं येईल असं तिला वाटत होतं. झोहराबाईंना वाटलं, हिला जेवण आवडलं नाही. त्यांनी बटाट्याची मऊ फोड माझ्यातून हळूच तिच्या बाजूला सरकवली. तेव्हा कुठे मेघना जेवली. जेवण झाल्यावर ती सवयीने आपलं ताट धुवायला उठली. धुवायला ताटच नव्हतं! ती आधी हसली आणि मग पदरात तोंड घालून रडली.

संध्याकाळी सुमित न्यायला आला तेव्हा तिने त्याला रडण्याचं कारण सांगितलं, ते मी ऐकलं. मेघनाच्या आणि सुमितच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारला. त्याआधी गाव त्यांना शिवत नसे. त्यानंतरही कितीतरी घरं बदलली नाहीत. लहानपणी मेघना एका मैत्रिणीकडे अभ्यासाला जाई. तिथे तिची कपबशी खिडकीत वेगळी ठेवलेली असे आणि चहा झाला की ती तिलाच विसळून ठेवावी लागे. मित्रांनो, मी मातीचा आहे. माणसं माणसांची कपबशी वेगळी का ठेवतात, ते मला अजून समजलेलं नाही.

निघताना झोहराबाईंनी मला कापडात गुंडाळलं आणि मेघनाच्या हातात दिलं. मुंबईच्या विमानतळावर एका साहेबांनी मला संशयाने ठोकून पाहिलं, तेव्हा माझा जीव झाकणात आला. पुढे एसटीत मेघनाने मला मांडीवर धरलं. प्रत्येक खड्ड्याला ती श्वास रोखून धरी आणि मीही.

घरी सुमितची आजी रंगुबाई होत्या. निमगाव केतकी गावात सारा जन्म शेतात घालवलेल्या. नातसुनेने मोरोक्कोच्या पदार्थांची नावं सांगितली, त्यात कुसकुस आलं. रंगुबाईंनी कपाळाला हात लावला. "कुस्करा शिकायला इमानानं गेलीस व्हय? आगं, शिळ्या भाकरीचा कुस्करा मी हितंच शिकवला आसता!" पण माझी पारख त्यांनाच झाली. त्यांनी मला दिवसभर तांदळाच्या धुवणात बुडवून ठेवलं. "मातीला आदी पानी पाजावं, मंग इस्तू दाखवावा," त्या म्हणाल्या. गॅसच्या जाळावर मला नुसतं ठेवूच दिलं नाही. खाली भाकरीचा लोखंडी तवा घातला. झोहराबाईंनीही याहून जास्त काळजी घेतली नसती.

मेघनाच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. तिला बायकांसाठी पाककलेचा वर्ग काढायचा होता. त्यासाठी महिला मंडळाचा हॉल हवा होता, आणि हॉलची किल्ली विनयाबाईंकडे होती. विनयाबाई म्हणजे डॉक्टर चिंतामणरावांच्या पत्नी आणि मंडळाच्या अध्यक्ष. बाई वाईट नव्हत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. मेघनाला शाळेत नोकरी लागली तेव्हा त्यांनीच साडी देऊन तिचा सत्कार केला होता. त्या अधूनमधून घरी येत, गोड बोलत, पुस्तकं देत. फक्त घासभर काही पुढे केलं की म्हणत, "अगं, आज माझी संकष्टी."

संकष्टी महिन्यातून एकदाच येते, हे मला रंगुबाईंकडून कळलं. विनयाबाईंची मात्र त्या या घरी आल्या की हमखास येई. मंगळवारी येई, शनिवारी येई, गेल्या दिवाळीच्या फराळालासुद्धा आली होती म्हणे. एकदा मेघनाने भिंतीवरचं कॅलेंडर काढून तारखा ताडून पाहिल्या आणि ते परत खिळ्याला अडकवलं. तिला भीती होती ती एवढीच, की अध्यक्षबाई जिच्या घरी घोटभर पाणी घेत नाहीत, तिच्या हातचं शिकायला मंडळातल्या बायका कशा येतील?

मेघनाने हॉल मागितला तेव्हा विनयाबाई म्हणाल्या, "आम्हा पाचजणींना आधी करून दाखव. सगळ्यांना पसंत पडलं तर हॉल तुझा."

"मग माझ्या घरी या," मेघना म्हणाली. "ऑगस्टातल्या संकष्टीला."

विनयाबाई गडबडल्या. "अगं, पण त्या दिवशी खायचं कसं?"

"उपासाचंच करते."

संकष्टीचा दिवस उजाडला. मेघनाने माझ्यात तूप घातलं. जिरं, आलं, हिरवी मिरची घातली. रताळी, बटाटे आणि लाल भोपळ्याच्या फोडी रचल्या. वर खजूर, शेंगदाणे आणि शेंदेलोण. मोरोक्कोच्या मुरवलेल्या लिंबाच्या जागी तिने बरणीतलं जुनं लिंबाचं लोणचं घेतलं. नुसत्या मिठात मुरलेलं, उपासाला चालणारं. कांदा नाही, लसूण नाही, हळदसुद्धा नाही. सोबत राजगिऱ्याच्या जाड भाकऱ्या. घाईघाईत तिने जाळ नको तेवढा मोठा केला. माझा तळ चरचरू लागला. आता मी तडकतो, असं मला वाटलं. रंगुबाईंनी पटकन गॅस बारीक केला आणि म्हणाल्या, "पोरी, तुजी घाई त्येच्यावर काढू नगंस. त्यो परदेसातनं आलाय."

पाचजणी आल्या. त्यांच्यात विनयाबाईंची नवी सून अश्लेषाही होती. मला सतरंजीवर मधोमध ठेवलं गेलं. मेघनाने झाकण उचललं. वाफ वर गेली आणि खजूर-लिंबाचा वास खोलीभर पसरला. दोघीतिघी नकळत पुढे झुकल्या. "ताट नाही मांडलंस?" कुणीतरी विचारलं. मेघनाने झोहराबाईंच्या घरची रीत सांगितली. ताजा तुकडा मोडायचा, आपल्या समोरूनच घ्यायचं, तोंडाला लावलेला तुकडा परत आत घालायचा नाही, म्हणजे उष्टं होत नाही.

सगळ्या विनयाबाईंकडे बघू लागल्या. त्यांच्याआधी कोण हात घालणार?

विनयाबाई माझ्याकडे बघत होत्या. "या भांड्यात कधी मटण शिजलंय का ग? नाही, उपास आहे म्हणून विचारते."

"नाही," मेघना म्हणाली. "झोहराबाईंनीही कधी शिजवलं नाही. हे भाज्यांचंच भांडं आहे."

ते खरं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मातीला तोंड असूनही बोलता येत नाही. माझ्यातली वाफ कमी होत चालली. विनयाबाईंनी हात पदराखाली घेतला. म्हणाल्या, "वास फार छान आहे हं. पण माझी या वेळची संकष्टी निर्जळी आहे. पाणीसुद्धा नाही. तुम्ही खा ना, मी बघते."

कुणीच हात पुढे केला नाही.  दोन महिने मेघनाने याच दिवसासाठी जीव टाकला होता.

तेवढ्यात अश्लेषा भाबडेपणाने म्हणाली, "अहो आई, सकाळी आपण दोघींनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली की!"

मित्रांनो, मी भट्टीत भाजून निघालेला आहे, पण तसली धग मी कधी सोसली नव्हती. अश्लेषाने जीभ चावली. विनयाबाईंचे कान लाल झाले. त्या उठून गेल्या असत्या तर बाकीच्याही गेल्या असत्या आणि परत या घरात कुणी आलं नसतं. मेघनाने त्यांना सावरून घ्यायला भाकऱ्या पुढे सरकवल्या.

रंगुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या गुडघ्यावर हात देत पुढे सरकल्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. भाकरीचा एक मोठा तुकडा मोडून त्यांनी विनयाबाईंच्या हातात दिला.

"लाजू नगा, बाई. आमी छप्पन सालीच समदं उपास सोडलं. तुमी आज सोडा."

विनयाबाई हातातल्या तुकड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात लांब केला. त्यांची बोटं माझ्या काठाला लागली. ती गार पडली होती. त्यांनी समोरची रताळ्याची फोड उचलली आणि तोंडात घातली.

"फार गरम आहे ग," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते गरमपणामुळे की कशामुळे, मला माहीत नाही.

"फुंकून खा की," मेघना म्हणाली.

मग पाचही हात आले. माझा तळ लागेपर्यंत ते थांबले नाहीत. विनयाबाईंनी लोणच्यात साखर का घातली नाहीस, म्हणून मेघनाला विचारलं. त्यावर रंगुबाईंनी त्यांच्याशी वाद घातला. मला त्या वादात फार सुख वाटलं.

हॉलबद्दल त्या दिवशी कुणी अवाक्षर काढलं नाही. तीन दिवसांनी अश्लेषा किल्ली घेऊन आली आणि वर्गाच्या वहीत पहिलं नाव तिने स्वतःचं लिहिलं. विनयाबाई त्यानंतर सुधारल्या का, असं तुम्ही विचाराल. थोड्या सुधारल्या. कधी येतात आणि जेवून जातात. कधी घाईत असल्याचं सांगून दारातूनच परततात. पण संकष्टीचं नाव त्यांनी या घरात पुन्हा काढलं नाही.

मित्रांनो, आता माझ्या काठाला एक टवका उडालाय आणि तळाला बारीक चीर गेली आहे. तरी महिन्यातून एकदा मी चुलीवर चढतोच. तुमच्या घरी मातीचं भांडं असेल तर त्याला आधी पाणी पाजा, मंद आचेवर तापवा, त्यात बटणं टाकू नका. आणि उपास करायचा तर खुशाल करा, तो तुमचा आणि तुमच्या देवाचा प्रश्न आहे. पण कुणाच्या घरी ताट पुढे आलं, तर उपासाच्या आड लपू नका. रांधणारी बाई समोर उभी असते आणि ती तुमच्या हाताकडे बघत असते.