खालची ओळ कापलेली तसबीर

मित्रांनो, मी एक जुनी तसबीर आहे. हैदराबादेत, विद्यानगरला, किशनरावांच्या घरी विजेच्या मीटरशेजारी टांगलेली असते. माझ्यात मुंडण केलेले, चष्मा लावलेले एक तरुण भिक्षू आहेत. हातात भिक्षापात्र, पाय अनवाणी. घरात त्यांना 'चष्म्याचे भंते' म्हणतात. ते थायलंडचे राजे होते हे मला पहिल्यापासून ठाऊक होते. पण तसबिरीला कोणी काही विचारत नाही.

माझा जन्म एका इंग्रजी मासिकाच्या पानावर झाला. १९५६ च्या ऑक्टोबरात राजे भूमिबोल पंधरा दिवसांसाठी भिक्षू झाले, तेव्हाचे हे छायाचित्र. त्याच पंधरवड्यात इकडे हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. राजे मुदत संपताच सिंहासनावर परतले. हैदराबाद राज्य काही परतले नाही.

राज्याबरोबर माणसेही वाटली गेली. किशनरावांचे वडील श्रीपती दफ्तरात कारकून होते. त्यांचे नाव आंध्राच्या यादीत पडले. शेजारचे नामदेवराव मराठवाड्याच्या फायलींबरोबर औरंगाबादेला गेले. पंचाईत अशी की, नुकत्याच बौद्ध झालेल्या त्या गल्लीत त्रिशरण-पंचशील एकट्या नामदेवरावांनाच पाठ होते. यादी करणाऱ्यांनी हा रकाना ठेवला नव्हता.

जानेवारीत श्रीपतींना मुलगी झाली. भामा. बाराव्या दिवशी नाव ठेवले, ते तीन दिवस वापरले. जुने विधी सोडलेले, नवे सांगायला माणूस नाही. लेकरू मुक्यानेच मातीत गेले. तिची आई मनकर्णाबाई महिनाभर एकच बोलत राहिली, "मह्या भामासाठी कोनी दोन शब्द म्हनले न्हाईत."

श्रीपती कोठीच्या बाजारात गेले आणि रद्दीतून मला उचलून चौकटवाल्याकडे घेऊन गेले.

"फ्रेम छोटी है साब. नीचे लिखे सो काट देतौं, चलता?"

"काटो. घर में अंग्रेजी कौन पढता!" श्रीपतींचे शिक्षण उर्दूतले होते.

कात्रीच्या एका फटक्यात राजांचे राज्य गेले. घरी आले ते भंते.

मनकर्णाबाईने मला हळदीच्या बोटाने नव्हे, नुसत्या पदराने पुसले आणि हात जोडले. "भंतेजी, तुमी घरदार सोडलंय. एकटं ऱ्हाणं तुमाला ठावं हाय. महं लेकरू तिकडं एकटंच हाय. ध्यान ठिवा." पुढे रोज सकाळी हेच. बुद्धपौर्णिमेला मला हार मिळे, गल्ली पाया पडून जाई. मी संकोचाने भिंतीला घट्ट चिकटून राही.

एकदा दफ्तरातले लक्ष्मणराव चहाला आले आणि मला पाहून हसू लागले. "अहो श्रीपती, हे तर सयामचे राजे! राणी आहे त्यांना!"

श्रीपतींनी स्वयंपाकघराकडे पाहिले. "हळू बोला. तिला एवढे एकच भंते आहेत. ते तरी राहू द्या."

ही गोष्ट पोटात ठेवूनच श्रीपती वारले.

मग दिवाणखान्यात टीव्ही आला आणि मी मीटरशेजारी गेले. कसरीने भंतेंचा डावा कान खाल्ला. आंध्र राज्याचेही पुढे दोन तुकडे झाले. तेव्हा मात्र कोणाला गाव सोडावे लागले नाही, नुसत्या पाट्या बदलल्या.

२०१६ च्या ऑक्टोबरात टीव्हीवर अचानक मीच दिसले. तेच मुंडण, तोच चष्मा.

"आई, हे तर आपले भंते!" किशनराव ओरडले. मग पडद्याच्या तळाशी सरकणारी इंग्रजी अक्षरे त्यांनी वाचली. राजे वारले होते. कोठीत कापलेली ओळ साठ वर्षांनी परत आली होती.

"काय लिव्हलंय रे?"

"आई... हे किंग होते. थायलंडचे. सत्तर साल राज्य केलं. भिक्षू बस पंधरा दिवस होते."

मनकर्णाबाईने मला खाली काढायला लावले. माझे संपले, असे मी समजले. किती वर्षे ती एका राजाच्या कानात आपले लेकरू सोपवत होती! तिने काचेवरून हात फिरवला.

"किती दिवस म्हनलास?"

"पंधरा."

"मही भामाबी पंधराच दिवस व्हती. मंग ती मही लेक नव्हती का?"

तिने मला किशनरावांच्या हाती दिले.

"मंग हे बी भंतेच. लाव वापस. अन् खाली तिचं नाव लिव्ह. कुठंच लिव्हलं न्हाई रे तिचं."

किशनरावांची शाळा इंग्रजी-तेलुगूतली. त्यांनी कागदाच्या पट्टीवर कसेबसे लिहिले, 'भमा. पंधरा दिवस.' काना राहून गेला. मनकर्णाबाईला वाचता येत नव्हते. "झ्याक," ती म्हणाली. त्या थंडीत तीही गेली.

आता माझी चौकट वाळवीने पोखरली आहे. किशनराव मला उद्या कोठीला नेणार आहेत. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी तिकडे असेल तर कारागिराला एवढे सांगा: चौकट लहान पडली तर मोठी घे. भंतेंचे पाय गेले तरी चालतील. खालची ओळ कापू नको.