थरथर माझी नव्हती

मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. तुमच्यापैकी एकानेही आजवर माझं तोंड पाहिलेलं नाही. मी एका छोट्या मोटारीची क्लच प्लेट आहे, होते, म्हणा. ताटलीएवढी गोल, मधे दातेरी भोक, दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर. आता ते अस्तर उरलेलं नाही. इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्या मधल्या अंधारात मी बारा वर्षं काढली. इंजिनाची ताकद चाकांकडे जाते ती माझ्या अंगावरून. तुम्ही पेडल दाबता तेव्हा माझी पकड सुटते, पाय उचलता तेव्हा मी पुन्हा धरते. काम एवढंच. पण ते मला नीट करू देणारं माणूस मिळालं नाही.

माणसं मला चेहऱ्याने कळत नाहीत, पायाने कळतात. आणि पाय खोटं बोलत नाही.

मला ज्यांनी बसवलं त्यांना घरात सगळे बाबा म्हणत. ते ड्राफ्ट्समन होते, यंत्रांची चित्रं काढायचे. चित्र काढता येतं म्हणजे यंत्र उघडता येतं, असा त्यांचा समज होता. गॅरेजवाले आपल्याला मूर्ख समजतात असं म्हणत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा, घरामागच्या शेडमध्ये, स्वतः क्लच बदलायला घेतला. गॅरेजवाल्यांचं फारसं चुकत नव्हतं.

त्यांची एक रीत होती. कोणतीही वस्तू उघडायची तर आधी पुठ्ठ्यावर तिचं चित्र काढायचं, जिथे जिथे बोल्ट तिथे भोक पाडायचं आणि निघालेला बोल्ट ज्याच्या त्याच्या भोकात खोचून ठेवायचा. मिक्सर असो, पंखा असो, कपाटाची कडी असो, आधी पुठ्ठा. त्यांच्या बायकोला घरात आई म्हणत; त्या म्हणायच्या, माझ्याशी भांडायचं झालं तरी हे आधी पुठ्ठा शोधतील.

गिअर बॉक्स इंजिनाला धरून ठेवणारे बोल्ट आठ. सात त्यांनी परत बसवले. आठवा सगळ्यात वर, इंजिनाच्या मागे, जिथे दिसत नाही आणि जेमतेम हात जातो. बाबांचा पंजा फावड्यासारखा. अख्खी दुपार ते तिथे झगडले, हात सोलवटून घेतला, बोल्ट दोनदा खाली पाडला. मग गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि आईंना म्हणाले, "झालं."

झालं नव्हतं. आठवा बोल्ट लागलाच नव्हता.

त्या दिवसापासून गाडी मागे घेताना थरथरायची. सातांवर टांगलेला गिअर बॉक्स अंग चोरायचा आणि धक्का मला बसायचा. मेकॅनिकने एकदा चक्कर मारून पाहिली आणि ऐटीत निदान केलं की क्लच प्लेट खराब आहे. बाबांनी मान डोलावली. खरं काय ते त्यांना माहीत होतं, तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले की प्लेट हलक्या प्रतीची निघाली. बारा वर्षं, मित्रांनो. स्वतःचा हात पोचला नाही म्हणून दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवायची. या माणसाविषयी आदर बाळगावा असं मला एकदाही वाटलं नाही.

मग बाबा आजारी पडले आणि पेडल दादाच्या पायाखाली आलं. दादा म्हणजे त्यांचा मुलगा. त्याच्यापुढे बाबा बरे म्हणायची वेळ आली. हा गृहस्थ पेडलवरून पाय उचलतच नसे. दवाखान्याच्या चढावर गाड्यांची रांग असायची. ब्रेक लावायचा सोडून हा मला अर्धवट धरून ठेवायचा आणि मी जळत राहायचे. वास गाडीभर व्हायचा. मागच्या सीटवर कोणी कण्हत होतं हे कारण मला सांगू नका. कण्हण्याने पाय जड होत नाही.

शेवटी गाडी रस्त्यात थांबली. तोवर बाबाही गेले होते. गाडी ढकलत शेडमध्ये आणली आणि सहा महिने तिच्यावर चादर घातली.

दादाने भंगारवाल्याला रविवारी सकाळी दहाची वेळ दिली. तेव्हा त्याची बहीण मधे पडली. ती शाळेत इतिहास शिकवते. तिने आतापर्यंत फक्त सायकलची चेन बसवली होती. क्लच मी बदलते, असं तिने सांगितलं. दादा हसला नाही, हसण्यापेक्षा वाईट केलं, समजावणीच्या सुरात बोलला. मग म्हणाला, "दहापर्यंत चालू झाली तर तुझी. नाहीतर तो घेऊन जाईल, मग रडायचं नाही."

"बरं," ती म्हणाली.

गुरुवारी ती भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून आली. मी मनात म्हटलं, झाली शोभा. मोबाईलवर कोणाचा तरी व्हिडिओ लावून ती एकेक पायरी दोनदा बघायची. बोल्ट ठेवायला काही हवं म्हणून रंगाच्या डब्यांमागे चाचपलं, तर बाबांचा तो जुना पुठ्ठा हाती आला. गिअर बॉक्सचं चित्र, आठ भोकं. सात रिकामी आणि वरच्यात एक गंजका बोल्ट अजून खोचलेला. त्याच्या शेजारी पेन्सिलीने, बारीक सुबक अक्षरात लिहिलं होतं: हात जात नाही. नंतर.

ती पुठ्ठ्यासमोर उकिडवी बसली. आईंनी दारातून विचारलं, चहा आणू का? ती म्हणाली, "नको. नंतर." आणि तोंडावर हात ठेवला.

मग मोजे काढून तिने सात बोल्ट सोडवले आणि ज्याच्या त्याच्या भोकात खोचले. शुक्रवारी गिअर बॉक्स जॅकवर फळी ठेवून खाली उतरवला. मला बाहेर काढलं आणि चाकाशेजारी मातीत टाकलं. बारा वर्षांनी उजेड पाहिला तो असा.

शनिवारी तिने नवी प्लेट उलटी लावली. फुगीर बाजू इंजिनाकडे. मी गप्प राहिले, मला मजा वाटत होती. दोन बोल्ट आवळल्यावर तिचा हात थांबला. तिने मला उचललं, हातातल्या फडक्याने पुसलं, दोघींना शेजारी धरून माझ्यावरची झीज बोटाने तपासली आणि नवी प्लेट काढून फिरवून लावली. मला विचारून काम करणारं हे पहिलंच माणूस.

रविवारी सकाळी सात बोल्ट लागले होते. आठव्यासाठी तिने घड्याळ काढलं, बांगडी काढली आणि इंजिनामागे खांद्यापर्यंत हात घातला. दिसत काही नव्हतं. डोळे मिटूनच ती पाना फिरवत होती. मनगट सोलवटलं. पण हात तिचा आईंवर गेला होता, लहान आणि लांबट. तो पोचला.

दहाला भंगारवाला फाटकाशी आला तेव्हा ती गाडी मागे घेत शेडबाहेर येत होती. आई पायरीवर उभ्या होत्या.

"मागे घेताना थरथरायची ना गं ही?"

"एक बोल्ट राहिला होता, आई."

"हे तर झालं म्हणाले होते."

"झालंच होतं. थोडं राहिलं होतं."

दादाने बॉनेटवर हात ठेवला, जरा चालवू का म्हणाला. तिने त्याला बजावलं की क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही. तो खाली बघत म्हणाला, "तेव्हा घाई होती गं."

"माहीत आहे," म्हणत तिने किल्ली त्याच्या हातात दिली.

भंगारवाल्याचा फेरा फुकट जाऊ नये म्हणून तिने मला त्याला देऊन टाकलं. आभाराचा एक शब्द नाही. मात्र पुठ्ठा तिने दिला नाही. आठही भोकं रिकामी असलेला तो पुठ्ठा तिने खिळ्याला टांगला. ते अक्षर पुसलं नाही.

आता मी त्याच्या गोणीत आहे आणि तुम्हाला उपदेश करायची माझी वेळ झाली आहे. पेडलवरून पाय उचला. तुमच्या चुकीचं खापर मुक्या वस्तूवर फोडू नका, ती बारा वर्षं लक्षात ठेवते. आणि एखादं काम हात पोचत नाही म्हणून राहिलंच, तर निदान लिहून ठेवा, तेही खरं. बाबांनी तेवढं केलं होतं. हे कबूल करायला मला गोणीत यावं लागलं.