चमचाभर, कोमट दुधातून

घटक: सफरचंदाचा चोथा, वाळवून दळलेला.

डब्यावरचा मजकूर ताईला लिहायचा होता. पहिली ओळ झाली आणि पेन अडून बसलं. भुकटी ही तिचीच करामत. रसाच्या कारखान्यात रस काढून उरलेला चोथा कोण विचारत होतं? तिने तो धुऊन, वाळवून, दळून त्यापासून पोट साफ ठेवणारं फायबर केलं. मालक खूश झाले. तिला वेगळी केबिन मिळाली.

कोण विचारत होतं म्हणे! भाऊ विचारत होता.

खोडा. पुन्हा लिहा.

घटक: रोज सकाळी फाटकाशी दोनदा वाजणारा हॉर्न. धाकट्या भावाचा ट्रॅक्टर. तो चोथा भरून गोठ्यावर न्यायचा, गायी मान वर न करता खायच्या. हॉर्न वाजला की ताई वरच्या खिडकीतून हात हलवायची. दोघांचं बोलणं एवढंच, पण रोजचं.

चोथा बंद होणार हे तिला चोथा वाळवायचं मशीन यायच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. आज सांगू, उद्या सांगू. मग एका सकाळी हॉर्न दोनदा वाजला. थांबून तिसऱ्यांदा वाजला. ताई खिडकीच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. काय ते वॉचमनने त्याला सांगितलं.

वापरण्याची पद्धत:

काल ती भुकटीचा डबा घेऊन त्याच्याकडे गेली. गोठा धुऊन लख्ख. गव्हाणीत पाण्याचा पाइप गुंडाळून ठेवलेला.

"या, साहेब."

"साहेब काय रे?"

"मग काय म्हणू? खिडकीत तर दिसत नाहीस."

ताईने डबा गव्हाणीच्या कडेवर ठेवला.

"कारखाना काही आपल्या बापाचा नव्हता," धाकटा म्हणाला. "चोथा गेला त्याचं काही नाही. आधी सांगितलं असतंस तर दुसरा चारा बघून ठेवला असता. ऐन उन्हाळ्यात कुठून आणणार? दूध आटलं. एकेक करून विकल्या."

"तांबडी?"

"तीही. ट्रकात चढेना. चढवली."

"मी मालकांशी बोलते. चार पिंपं तरी तुझ्यासाठी..."

"आणि खायला कोणाला घालू? मीच खाऊ?" त्याने डबा उचलला, झाकण काढून वास घेतला आणि हसला. "म्हणजे तू तेच आणलंयस की. घ्यायचं कसं हे?"

"चमचाभर. कोमट दुधातून."

तोंडातून निघून गेलं.

धाकट्याने झाकण घट्ट लावलं. "दूध आता पिशवीचं येतं, ताई. चालेल ना?"

वापरण्याची पद्धत: चमचाभर, कोमट

मालक तिच्या खांद्यावरून वाचत होते. "पुढे?"

"पाण्यातून."

"दुधातून लिहा की. जास्त पौष्टिक वाटतं."

ताईने पेन त्यांच्यापुढे धरलं. "तेवढं तुम्ही लिहा," ती म्हणाली.