शिंपल्यातलं मातीचं घर

मी एक किडा बोलतोय. नाक मुरडू नका. गांडुळाच्या लांबच्या नात्यातला, समुद्राच्या तळाशी राहणारा, नखाएवढा किडा. आमच्यातला प्रत्येक जण स्वतःपुरती मातीची नळी बांधतो आणि जन्मभर तिच्यातच राहतो. भूक लागली की दोन मिशा बाहेर काढायच्या, पाण्यातून वाहत येईल ते टिपायचं आणि पुन्हा आत जायचं. एवढंच आयुष्य, आणि मला ते फार आवडायचं.

माझा जन्म बसऱ्याकडच्या समुद्रातला. लहानपणी पोहत पोहत एका जिवंत शिंपल्याच्या काठाशी आलो, जागा बरी वाटली आणि न विचारता आत शिरलो. कवच थोडं पोखरलं, गाळ आणला, लाळेनं चिकटवला, घर बांधलं. शिंपल्याला माझा त्रास होत असणार. पण त्याला कुणाला हाकलता येत नाही. त्यानं माझ्या नळीवर आपल्या अंगातली चकाकी चढवायला घेतली, थरावर थर. मोती होतात ते याच चकाकीचे. बघता बघता माझ्या घरावर गोल, गुलाबीसर फुगवटा आला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, शिंपल्यात मोती रुतून बसलाय. आत मात्र मी आणि माझा चिखल.

मग पाणबुड्यानं शिंपला वर काढला आणि माझा जीव गेला. फार वाईट वाटून घेऊ नका, त्याला खूप वर्षं झाली. घर तसंच राहिलं, आणि त्या घरातूनच मी बोलतोय.

मोत्यांच्या पेटीतून तो शिंपला हैदराबादला, पत्थरगट्टीच्या एका व्यापाऱ्याकडे पोचला. त्याच्या तो काही कामाचा नव्हता, म्हणून त्यानं तो पार्वतीबाईला देऊन टाकला. पार्वतीबाई त्याचे मोती घरी नेऊन सर ओवून द्यायची. माणसं मूळची परभणीकडची. नवरा देवराव सचिवालयात दफ्तरी, म्हणजे फायली बांधून जागच्या जागी ठेवणारा. नल्लकुंट्यात दोन खोल्या, आणि भामा नावाची एकुलती एक मुलगी. पार्वतीबाईनं मला भामाच्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाली, "यात मोती आहे बरं का. तू मोठी झालीस की उघडू." दिवसभर मोती हाताळणाऱ्या बाईला मोती कोणता आणि फुगवटा कोणता हे कळत नसेल, असं मला वाटत नाही. पण पोरीचा चेहरा असा काही फुलला की मी म्हटलं, असू दे.

भामा नऊ वर्षांची असताना पार्वतीबाई तापानं गेली. शेवटचे चार दिवस भामा मला मुठीत धरूनच झोपायची.

दोन वर्षांनी देवरावांनी दुसरं लग्न केलं. विमलाबाई नांदेडची. अबोल, कामाला वाघ. ती भामाला कधी रागावली नाही आणि भामानं तिला कधी कशानंच हाक मारली नाही. "पाणी संपलंय," "वही फाटलीय," असं पोरगी भिंतीकडे बघून बोलायची, आणि विमलाबाई भिंतीच्या वतीनं उत्तर द्यायची.

छप्पन्न सालच्या दसऱ्याला देवराव नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. कोनाड्यातले देव मुसी नदीत सोडले. कोनाडा रिकामा दिसायला लागला, तेव्हा भामानं मला तिथं आणून ठेवलं. मला एकदम एवढी मोठी जागा मिळाल्यानं मी जरा गोंधळलोच. विमलाबाई रोज सकाळी पदरानं माझ्यावरची धूळ पुसायची, आणि पहिल्या बायकोची वस्तू म्हणून तिचा हात कधी जड पडला नाही.

पुढच्या पंधरा दिवसांत राज्यच मोडलं. हैदराबादचे तीन तुकडे झाले. तेलुगू मुलूख आंध्राकडे गेला, कानडी म्हैसूरकडे आणि मराठवाडा मुंबईकडे. नोकरमाणसांच्याही याद्या लागल्या. देवरावांचं नाव औरंगाबादच्या यादीत निघालं.

भामाचा मामा दौलत हिमायतनगरात राहायचा, बस डेपोत मेकॅनिक होता. तो येऊन म्हणाला, "दाजी, भामाला माझ्याकडं ठेवा. शाळा इथं, मैत्रिणी इथं. तिकडं तिचं कोण हाय?" त्या वेळी विमलाबाई त्याच्यासमोर चहाचा कप घेऊन उभी होती. देवराव भला माणूस, पण काही ठरवायची वेळ आली की चष्मा पुसत बसायचा. म्हणाले, "बारा वर्षांची झालीय पोरगी. तीच ठरवंल."

विमलाबाईला ती बरोबर यायला हवी होती. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. मला सांगितलं. धूळ पुसता पुसता एके सकाळी हळूच म्हणाली, "आईची जागा मागत नाही मी. नुसतं संगं ये म्हणावं तिला." मला फार भरून आलं. पण मी काय करणार?

मग तिनं मनाशी बेत केला. मोती काढून आणायचा, तारेत बसवायचा आणि जायच्या आधी पोरीच्या गळ्यात घालायचा, म्हणजे आईच तिच्या संगती येईल. एका दुपारी मला पदराखाली घेऊन ती पत्थरगट्टीला निघाली. तिथं लाडलेसाब म्हणून म्हातारे मोती विंधायला बसत. त्यांनी मला उजेडात धरलं, नखानं टकटक केलं, आणि मान हलवली.

"ये मोती नै है बीबी. कीडे का घर है. ऊपर सीप चमक चढाको छोडी. सुराख मारे तो कीचड निकलती, बस."

विमलाबाई तिथंच पायरीवर बसली आणि रडायला लागली. मी आयुष्यात पहिल्यांदा मोती नसल्याबद्दल ओशाळलो. डोळे पुसून ती म्हणाली, "खोलो नक्को. बच्ची को भी बोलो नक्को. उसकी आईनं बोला है, मोती है."

घरी आलो तर भामा दारातच. शाळा लवकर सुटली होती आणि कोनाडा रिकामा होता.

"कुठं नेलता?"

"मोती काढायला."

"मग काढला का नाही?"

"राहू दे. आता नको."

"का पण?"

"नको म्हटलं ना."

भामा प्रथमच भिंतीकडे न बघता थेट तिच्याकडे बघून बोलली. "माझ्या आईचा मोती हाय त्यो. तुमाला पायजे म्हणून चोरून नेलात."

सांग की, बाई! मी आतून जीव तोडून म्हणत होतो, सांग तिला, आत चिखल आहे. मी चिखल आहे याची मला लाज नाही. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. विमलाबाईनं तोंड उघडलं, पोरीच्या डोळ्यांत पाहिलं, आणि मिटलं. "तसं समज," म्हणाली आणि चुलीपाशी जाऊन बसली.

संध्याकाळी भामानं वडिलांना सांगितलं, मी मामाकडंच राहणार. मला दप्तरात घातलं आणि निघाली. विमलाबाईनं फडक्यात बांधून दोन भाकरी पुढं केल्या, त्या तिनं घेतल्या नाहीत.

दोन दिवसांनी मामा आम्हाला घेऊन पत्थरगट्टीला आला. आपल्या बहिणीचा मोती आपण भाचीला काढून देऊ, असं त्याच्या मनात होतं. लाडलेसाबांनी मला पाहिलं मात्र आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अच्छा है, ऐसाच रहने देव."

"नै उस्ताद, सुराख मारो. मोती निकालना है."

"नक्को बोला ना!"

"अरे, पर कैकू?"

म्हातारा वैतागला. "क्या लोगाँ हैं! परसों एक बीबी येइच सीप लाई. बोली, खोलो नक्को, बच्ची कू बोलो नक्को. आज तुम आको बोलते खोलो. मैं किसकी सुनूँ?" एवढं बोलल्यावर त्यांची नजर मामाच्या मागं उभ्या असलेल्या भामावर गेली, आणि त्यांनी जीभ चावली.

"बच्ची मैंच हूँ," भामा म्हणाली. "क्या है अंदर?"

"मिट्टी है बेटा. कीडे का घर."

भामा रडली नाही. बराच वेळ माझ्या फुगवट्यावरून बोट फिरवत राहिली. मग विचारलं, "उनो क्या बोले सुनको?"

"रोई. बहोत रोई. फिर बोली, बच्ची कू बोलो नक्को."

परतताना नारायणगुड्यापाशी भामा थांबली आणि म्हणाली, "मामा, मला घरी सोड. नल्लकुंट्याला."

विमलाबाई ट्रंक भरत होती. भामाला दारात पाहून तिचे हात थांबले. आधी पोरीकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या शिंपल्याकडे.

"लाडलेसाबकडं गेल्ती का?" तिनं भीत भीत विचारलं.

"हो."

"काय म्हणाले?"

"मोती हाय म्हणाले. एकदम अस्सल. पर उघडू नका म्हणाले."

विमलाबाई तिच्याकडे बघत राहिली. लाडलेसाब असं म्हणणं शक्य नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? भामानंही नजर हटवली नाही. दोघींचे डोळे भरून आले.

"तुझ्या लुगड्यात गुंडाळ," भामा मला तिच्या हातात देत म्हणाली. "औरंगाबादपर्यंत फुटाय नको."

तेव्हापासून मी औरंगाबादला आहे. खिडकीशेजारच्या फळीवर माझी जागा आहे आणि धूळ पुसण्यावरून मायलेकींची कधी कधी कुरबुरही होते. पाहुणे विचारतात, मोती खरा आहे का हो? दोघी एकदम "हो" म्हणतात, आणि मग एकमेकींकडे बघायचं टाळतात. कधी या घरी आलात आणि तुम्हाला मोत्यांची पारख असली, तर हात जोडून एवढीच विनंती आहे. मला हातात घ्या, उजेडात धरा, हवं तर नखानं टकटक करा. पण त्या दोघी तुमच्या तोंडाकडे बघत असतील, तेव्हा मोतीच आहे म्हणा.