साडेबाराचं शटर

"मध्येच उभे राहिलात की रांग मोडते, कोलमन. एक तर बाहेर थांबा, नाहीतर आत येऊन कांदा चिरा," मजेला म्हणाली.

एकतीस दुकानांवर कोलमन टूहीचं नाव होतं, पण तो निमूट आत गेला, एप्रन बांधला आणि सुरी उचलली. हाताला बरं वाटलं. तीस वर्षांपूर्वी हर्लिंगच्या खेळाच्या मैदानाबाहेर त्याने आणि त्याच्या बायकोने, डिंफ्नाने, एका गाडीवर चिकन रोल विकायला सुरुवात केली होती. कांदा तो चिरायचा, लोणी ती लावायची, पावाच्या पार कडेपर्यंत. पुढे लोक त्यांच्या नावाने गावोगावी दुकानं काढू लागले, तेव्हा नियमांची वही त्यानेच लिहिली. पहिला नियम असा, की बारा ते दोन दुकान बंद करायचं नाही, आभाळ कोसळलं तरी.

मजेलाने या महिन्यात तीनदा भर साडेबाराला शटर ओढलं होतं. तिच्याकडून दुकानाचं नाव काढून घ्यावं, असं त्याच्या कचेरीचं म्हणणं होतं. तेच सांगायला तो क्लेअर परगण्यातल्या या खेड्यात आला होता आणि तासभर कांदा चिरत होता.

शेवटी त्याने विषय काढला. मजेलाने मानही वर केली नाही. अंत्ययात्रा निघाली की रस्त्यावरची सगळी दुकानं बंद होतात, मग आपलंच उघडं कसं ठेवायचं, असं तिने विचारलं. "आज पॅकी जातोय. अकरा वर्षं रोज एक रोल, कांदा जास्त. दात गेले तरी सोडला नाही. बायकोने कोटाच्या खिशात एक ठेवलाय."

"शवपेटीत?"

"मग काय, उपाशी पाठवायचा?"

रांग हसली. कोलमनही हसला, डोळे पुसत. कांदा होताच हाताशी.

दोन वर्षांपूर्वी डिंफ्नाला घेऊन शवगाडी एनिस शहराच्या मुख्य रस्त्यावरून निघाली, तेव्हा औषधवाला, खाटीक, दारूवाला, सगळ्यांची शटरं खाली होती. एकच दुकान दिवे लावून उघडं होतं. त्यांचं स्वतःचं. आतली मुलगी पाव कापायची थांबली होती, पण शटर ओढायची तिची हिंमत झाली नव्हती.

चर्चची घंटा वाजली. मजेला हात पुसत निघाली.

"थांब, मी ओढतो," कोलमन म्हणाला. "नियम बदलतो मी. दुकान तुझंच राहील."

सगळे फुटपाथवर आले. पॅकीची शवगाडी त्याच्या घरासमोर थांबली होती, तशी दुकानासमोरही थांबली.

"ऑर्डर देतोय," रांगेतला एक म्हातारा टोपी छातीशी धरून पुटपुटला. मागच्या गाडीत पॅकीची बायको हसली.

गाडी वळली.

"उघडा आता, माणसं भुकेली आहेत," मजेला म्हणाली.

"अजून एक मिनिट."

कशासाठी, ते तिने विचारलं नाही. रांगेतही कोणी घाई केली नाही. म्हाताऱ्याने टोपी पुन्हा काढली. मग कोलमनने शटर वर केलं, पहिला पाव घेतला आणि पार कडेपर्यंत लोणी लावलं.